एकाच मेंदूत इतक्या तऱ्हेची चरबी कशासाठी?

'मेंदूचा ६० टक्के भाग चरबीचा असतो' हे वाक्य मोबाइलवर फिरत फिरत कधी ना कधी तुमच्यापर्यंत पोचलं असेलच, बहुधा कुठल्या तरी गोळीच्या जाहिरातीला चिकटून. वाक्य धड खोटं नाही, धड खरंही नाही. ताज्या मेंदूत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. ते सगळं उडवून उरलेला कोरडा ऐवज तोलला, तर त्यातला निम्मा किंवा थोडा अधिक भाग स्निग्ध पदार्थांचा निघतो. माझी तक्रार आकड्याबद्दल कमी आणि 'चरबी' या शब्दाबद्दल जास्त आहे. हा शब्द ऐकला की पोटावरच्या वळ्या आठवतात, म्हणजे साठवून ठेवलेलं इंधन. तसली चरबी मेंदूत नावापुरतीच असते. मेंदूतले स्निग्ध रेणू बांधकामाचे असतात, आणि त्यांतल्या काहींच्या डोक्यावर चक्क साखर असते.

या साखरवाल्या रेणूंचे नकाशे आता काढता येतात. त्यांत दिसतं की एखादा रेणू एका पट्ट्यात भरगच्च आहे आणि केसभर अंतरावरच्या शेजारच्या पट्ट्यात जेमतेम. मेंदू एक, रक्त एक, जनुकं तीच. मग ही वाटणी अशी का?

खुंटी आणि माळ

प्रत्येक पेशीभोवती मेदाचं पातळ दुपदरी आवरण असतं. ते भिंतीसारखं समजा. या भिंतीत एक खुंटी ठोकली आहे आणि खुंटीच्या बाहेरच्या टोकाला मण्यांची माळ लटकते आहे. खुंटी मेदाची, मणी साखरेचे. अशा रेणूंना 'ग्लायकोस्फिंगोलिपिड' म्हणतात. इतकं लांबलचक नाव दर वेळी घेण्यात अर्थ नाही, म्हणून इथून पुढे आपण त्यांना 'साखरी मेद' म्हणू.

त्या नावातला 'स्फिंगो' मात्र मजेदार आहे. जर्मनीत जन्मलेला आणि लंडनमध्ये काम करणारा योहान लुडविग थुडिखम हा वैद्य मेंदूतल्या रसायनांचे घटक एकेक करून वेगळे काढत बसला होता. खुंटीचा मुख्य भाग त्याच्या हाती लागला, पण त्याचं वागणं काही केल्या उलगडेना. तेव्हा कोडी घालणाऱ्या ग्रीक पुराणातल्या स्फिंक्सवरून त्याने त्याला 'स्फिंगोसिन' म्हटलं. हे १८८४ मध्ये छापून आलं. समकालीनांनी त्याला फारसं मनावर घेतलं नाही.

माळेत एकच मणी असेल, गॅलॅक्टोज नावाच्या साखरेचा, तर तो झाला सेरेब्रोसाइड. त्याच मण्याला गंधकाचा एक गट चिकटला की सल्फाटाइड. आणि माळ लांब असून तिच्यात 'सिॲलिक आम्ल' हा खास मणी ओवलेला असेल, तर गँग्लिओसाइड. (या आम्लाला लाळेचं नाव मिळालंय. स्वीडनच्या गुन्नार ब्लिक्सने ते लाळग्रंथीतल्या चिकट द्रव्यातून काढलं आणि ग्रीकमध्ये लाळेला 'सिॲलॉन' म्हणतात.) सिॲलिक आम्लाचा मणी ऋण विद्युतभार बाळगतो, त्यामुळे ज्या भिंतीवर असे मणी दाट, तिचा बाहेरच्या जगाशी व्यवहारच वेगळा.

नावांना घाबरू नका

गँग्लिओसाइडची नावं जीएम१, जीडी१ए, जीटी१बी अशी, एखाद्या यंत्राच्या सुट्या भागांना शोभतील अशी आहेत. ही पद्धत लार्स स्वेनरहोम या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये लावली, आणि एकदा किल्ली कळली की ती सोपी आहे. 'जी' म्हणजे गँग्लिओसाइड. पुढचं अक्षर सिॲलिक मणी किती ते सांगतं: एम म्हणजे एक, डी म्हणजे दोन, टी म्हणजे तीन, क्यू म्हणजे चार. आकड्यासाठी पाचातून माळेतले बाकीचे मणी वजा करायचे. चार मणी असतील तर १, तीन असतील तर २, दोनच असतील तर ३. म्हणजे आकडा जितका मोठा, माळ तितकी आखूड.

शेवटचा 'ए' किंवा 'बी' सांगतो की माळेच्या आतल्या बाजूच्या गॅलॅक्टोजला किती सिॲलिक मणी लटकलेत. 'ए'त एक, 'बी'त दोन. हा ए-बीचा फरक लक्षात असू द्या, पुढे सगळी गंमत त्यातच आहे.

मोठ्या माणसाच्या मेंदूतल्या गँग्लिओसाइडमध्ये जीएम१, जीडी१ए, जीडी१बी आणि जीटी१बी या चौघांचाच वाटा सर्वांत मोठा. बाकीचे चिल्लर, पण ही चिल्लरही कधी कधी भारी पडते.

नुसत्या डोळ्यांना दिसणारा नकाशा

मेंदू मधोमध कापला तर बाहेरची किनार करडी आणि आतला गाभा पांढरा दिसतो. करड्या भागात चेतापेशींचे देह आणि त्यांचे एकमेकींशी जोड असतात. पांढऱ्या भागात लांब पल्ल्याच्या तारा, आणि त्या तारांवर मेदाची गुंडाळी, म्हणजे मायलिन. मेंदूचा पांढरा रंग या गुंडाळीचाच.

साखरी मेदांची पहिली मोठी फाळणी इथेच होते. मायलिनमध्ये सेरेब्रोसाइड आणि सल्फाटाइडचं राज्य. मायलिनमधल्या एकूण मेदाचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या सेरेब्रोसाइडचा. करड्या भागात गँग्लिओसाइड जास्त. नावच त्यावरून पडलं. जर्मन रसायनज्ञ एर्न्स्ट क्लेंकने १९४२ मध्ये चेतापेशींसाठीच्या जर्मन शब्दावरून ते ठेवलं.

इथवर सगळं सरळ आहे. खरा गुंता करड्या भागाच्या आत सुरू होतो.

रेल्वेचा सांधा

साखरी मेदाची कृती कुठल्याही जनुकात तयार छापलेली नसते. जनुकं फक्त कारागीर बनवतात, म्हणजे एन्झाइम, आणि ते एकापाठोपाठ एक मणी ओवत जातात. जीएम३ ही आखूड माळ तयार झाली की रेल्वेला सांधा यावा तसा एक फाटा येतो. एका कारागिराने तिला आणखी एक सिॲलिक मणी लावला तर जीडी३ बनतं आणि गाडी बी-मार्गाला लागते: पुढे जीडी२, जीडी१बी, जीटी१बी. दुसऱ्या कारागिराने त्याआधीच वेगळी साखर ओवली तर ए-मार्ग: जीएम२, जीएम१, जीडी१ए. एकदा सांधा ओलांडला की परतीची वाट नाही, आणि गंमत म्हणजे पुढच्या टप्प्यांवर दोन्ही मार्गांवर तेच कारागीर काम करतात.

म्हणजे एखाद्या पेशीत कोणता साखरी मेद जास्त भरणार हे पुष्कळसं या एका सांध्यावर ठरतं. पहिला कारागीर जोरात असेल तर बी, दुसरा असेल तर ए. कोणत्या पेशीत कोणतं जनुक किती चालू आहे ते वयाप्रमाणे आणि भागाप्रमाणे बदलतं, म्हणून माळांची वाटणीही बदलते. गर्भाच्या मेंदूत आरंभी जीएम३, जीडी३ अशा साध्या, आखूड माळाच असतात. पेशी पक्व होऊन एकमेकींशी जोड बांधू लागल्या की लांब माळा त्यांची जागा घेतात.

माणसाच्या मेंदूत कपाळामागच्या भागात ए-मार्गाचे रेणू, जीएम१ आणि जीडी१ए, वरचढ दिसतात. मानेच्या वर, मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत पारडं बी-मार्गाकडे, विशेषतः जीटी१बीकडे, झुकतं. उंदराच्या लहान मेंदूत तर हा फरक थराथरांत दिसतो: जिथे तंतूंची जाळी असते त्या वरच्या थरात जीडी१ए, आणि बारक्या पेशी ठासून भरलेल्या खालच्या थरात जीडी१बी. दोन्ही थर एकमेकांना खेटून.

हे मोजतात कसं?

हे आधी का दिसलं नाही, याचं कारण अगदी साधं आहे. सूक्ष्मदर्शकासाठी ऊती तयार करण्याच्या नेहमीच्या रीतीत तुकडा अल्कोहोलमधून आणि मग मेण भरण्यासाठी विद्रावकातून काढतात. त्यात मेद विरघळून निघून जातो. म्हणजे कित्येक दशकं अभ्यासक मेंदूचे सुंदर रंगवलेले काप बघत होते, पण त्यांतला बराचसा मेद आधीच धुऊन गेलेला असायचा.

आता मेंदू गोठवतात आणि गोठलेल्या अवस्थेतच त्याचा पापुद्रा काढतात, १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा, केसाच्या जाडीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका. पातं जरा गरम झालं तर पापुद्रा वितळून चिकटतो, फार गार असेल तर सुरळी होते. तो काचेवर घेऊन त्यावर एका रसायनाचा बारीक फवारा मारतात, मग लेझरचा टिपका एकेका बिंदूवर. त्या बिंदूतले रेणू उडतात, विद्युतभार घेऊन एका नळीतून धावतात. हलके आधी पोचतात, जड मागाहून. पोचायच्या वेळेवरून वजन कळतं. असे हजारो बिंदू जोडले की एकेका वजनाचा नकाशा तयार. हे तंत्र ऊतींवर वापरण्याचा पाया अमेरिकेतल्या रिचर्ड कॅप्रिओलीने १९९७ मध्ये घातला.

पण एक अडचण आहे. जीडी१ए आणि जीडी१बी यांत मणी तेच आणि तितकेच, फक्त जागा वेगळी. दोन माळा त्याच मण्यांच्या असतील तर तराजू त्यांना वेगळं कसं ओळखणार? शिवाय सिॲलिक मणी नाजूक, लेझरच्या धक्क्याने गळून पडतो आणि मग जीटी उगाच जीडीसारखं दिसतं. त्यामुळे नुसत्या वजनावर भरवसा ठेवून चालत नाही. सोबत ए आणि बी नेमके ओळखणाऱ्या अँटीबॉडी वापरतात, किंवा रेणूंना वायूतून ढकलून त्यांचा आकार कसा वाट काढतो तेही बघतात. तुमच्या वाचनात 'मेंदूतल्या जीडी१चा नकाशा' असं काही आलं, तर तो ए की बी की दोन्ही मिळून, हे जरूर बघा.

खुंटीचीही लांबी बदलते

आतापर्यंत आपण मण्यांबद्दलच बोललो, पण खुंटीही एकसारखी नसते. तिचा कणा बहुधा १८ कार्बनचा असतो. मेंदूत काही ठिकाणी २० कार्बनचा सापडतो, जो चेतासंस्थेबाहेर क्वचितच आढळतो. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसचे, म्हणजे नव्या आठवणी घडवण्यात महत्त्वाच्या असलेल्या भागाचे, नकाशे काढले. पिल्लाच्या मेंदूत २० वाली खुंटी जेमतेम होती. वय वाढलं तशी ती हिप्पोकॅम्पसच्या एका ठरावीक पट्ट्यात, बाहेरून निरोप आणणाऱ्या तारा जिथे येऊन जोडल्या जातात तिथे, साचत गेली. १८ वाली मात्र बऱ्यापैकी सगळीकडे पसरलेली.

नुसते दोन कार्बन जास्त. मला हे चित्र पहिल्यांदा बघताना अगदी पेन्सिलीने रेघ मारल्यासारखी ती कड बघून नवल वाटलं होतं.

'हा फरक भागांचा नसून पेशींचाच आहे की!'

ही शंका रास्त आहे. पांढऱ्या भागात मायलिन जास्त, म्हणून सेरेब्रोसाइड जास्त. यात 'भागा'चं काय मोठं? करड्या-पांढऱ्या फरकापुरतं हे बरोबरच आहे. लहान मेंदूच्या थरांतला फरकही बराचसा कोणत्या पेशी कुठे बसल्यात यावरून समजावता येतो. पण हिप्पोकॅम्पसमधला पट्टा तसा सुटत नाही. तिथे त्याच चेतापेशीच्या फांदीचा एक टप्पा वेगळा दिसतो आणि पुढचा वेगळा, आणि वेगळेपणाची हद्द कुठल्या तारा कुठे येऊन टेकतात तिच्याशी जुळते. तेव्हा 'कोणती पेशी' याबरोबर 'पेशीचा कोणता भाग, कोणाच्या शेजारी' हेही विचारावं लागतं.

'नसले म्हणून काय बिघडतं?'

१९९६ मध्ये जपानमध्ये असे उंदीर तयार केले गेले ज्यांच्यात लांब माळा ओवणारा कारागीरच नव्हता. मेंदूतली चारही प्रमुख गँग्लिओसाइड गायब! आणि उंदीर? जन्मले, वाढले, मेंदूची रचना वरवर ठीकठाक. अनेकांना वाटलं, झालं, हे मणी शोभेचेच. पण ते उंदीर मोठे झाल्यावर त्यांच्या तारा झडू लागल्या, चाल बिघडली. एक कारण असं की मायलिनची सगळ्यांत आतली घडी तारेवरच्या जीडी१ए आणि जीटी१बीला धरून राहते. ते नसतील तर पकड सुटते. पुढे दोन्ही फाटे बंद करून फक्त जीएम३ उरेल असे उंदीर बनवले, तेव्हा ते मोठा आवाज झाला की झटके येऊन मरायचे.

मायलिनच्या बाजूलाही असंच. सेरेब्रोसाइड बनवता न येणारे उंदीर मायलिन गुंडाळतात, दुसऱ्या साखरेवर भागवून नेतात, पण गुंडाळीच्या कडा तारेला नीट चिकटत नाहीत. निरोप मंदावतात आणि उंदीर थरथरतात.

उंदरावरून माणसाचं अनुमान काढताना मात्र जपून. जीएम३ बनवणारं जनुक काढलेला उंदीर बहिरा होतो, एरवी बराचसा धडधाकट राहतो. तेच जनुक निकामी असलेल्या बाळाला पहिल्या काही महिन्यांतच अपस्माराचे तीव्र झटके सुरू होतात आणि विकास खुंटतो.

'आणि जास्त झाले तर?'

माळा ओवण्याइतकंच त्या उसवणंही गरजेचं असतं. उसवणारा एखादा कारागीर नसेल तर अर्धवट माळा पेशीत साचत जातात. टे-सॅक्स आजारात जीएम२ साचतं. १८८१ मध्ये लंडनच्या वॉरन टे या डॉक्टरने अशा एका बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध लालबुंद ठिपका पाहिला. तो ठिपका का दिसतो हे समजलं की आपला सगळा विषय एका चित्रात येतो. पडद्यावरच्या चेतापेशी जीएम२ने फुगून पांढुरक्या होतात. बरोबर मध्यावर त्या पेशींचा थर नसतोच, म्हणून तिथे मागचा निरोगी लाल रंग तसाच डोकावतो. ठिपक्याला काहीच झालेलं नसतं. आजारी असतो तो भोवतालचा भाग.

सल्फाटाइड साचलं तर मायलिन उद्ध्वस्त होतं. हा आजार मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी. त्यावर बाळाच्याच रक्तातल्या मूळपेशी काढून, त्यांत चांगलं जनुक घालून परत सोडण्याची जनुक-उपचारपद्धती युरोपात २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झाली. लक्षणं सुरू होण्याआधी ती दिली तरच खरा उपयोग.

चुकीच्या माळेवर हल्ला

वाटणीचा सगळ्यांत स्पष्ट पुरावा मला एका लकव्यात दिसतो. कॉलऱ्याचं विष, जे १९५९ मध्ये कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी शोधलं, आतड्याच्या पेशींवरच्या जीएम१ला पाच बोटांनी धरतं. (प्रयोगशाळेत आज त्या विषाचा निरुपद्रवी भाग जीएम१ शोधायला रंगासारखा वापरतात.) धनुर्वाताचं विष जीटी१बी, जीडी१बी धरून नसांत शिरतं. पण कधी कधी जंतूच माळेची नक्कल करतात. जुलाब घडवणाऱ्या कॅम्पायलोबॅक्टर जंतूच्या अंगावर जीएम१सारखी साखर असते. शरीर जंतूविरुद्ध अँटीबॉडी बनवतं आणि त्या आपल्याच नसांवर जाऊन बसतात. गियाँ-बारे, म्हणजे नसांवरच्या अशा हल्ल्याने हातपाय लुळे पडण्याचा आजार, त्याचा एक प्रकार असा होतो.

आता हल्ला जीएम१ऐवजी जीक्यू१बीवर झाला तर? हा रेणू चिल्लरीतला, पण डोळे फिरवणाऱ्या नसांत तो दाट असतो. अशा रुग्णात हातापायांचं बळ बहुतेक शाबूत राहतं. डोळे हलत नाहीत, तोल जातो. मिलर फिशर प्रकार म्हणतात त्याला. अँटीबॉडी रक्तातून सगळीकडे फिरतात, तरी घाव मुख्यतः तिथे बसतो जिथे ती माळ दाट आहे.

'मग गोळीतून घेतले तर?'

नाही. मेंदू हे रेणू स्वतः बनवतो; साखर खाऊन किंवा तूप-तेल वाढवून ही वाटणी बदलत नाही. हा प्रयोग होऊनही गेलाय. १९८० च्या दशकात युरोपात गायीच्या मेंदूतून काढलेल्या गँग्लिओसाइडची इंजेक्शनं नसांच्या दुखण्यांवर देत. काही रुग्णांत गियाँ-बारेसारखा लकवा नोंदला गेला आणि अनेक ठिकाणी ती औषधं मागे घ्यावी लागली. पाठीच्या कण्याच्या दुखापतीवर जीएम१ची चाचणी अमेरिकेत ७०० हून जास्त रुग्णांवर झाली. २००१ मध्ये निकाल आला तेव्हा ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठलेलं नव्हतं.

आणि तोच जीएम१ दोन तोंडांनी बोलतो. पार्किन्सनमध्ये ज्या भागातल्या पेशी मरतात, तिथे तो घटलेला आढळतो. अल्झायमरमध्ये मात्र अमायलॉइड प्रथिन जीएम१ला चिकटून आकार बदलतं आणि गुठळीचं विरजण ठरतं, असं १९९५ मध्ये जपानच्या कात्सुहिको यानागिसावांनी दाखवलं. म्हणजे एका भागात कमी पडतोय म्हणून तो सरसकट वाढवायला जावं, तर दुसऱ्या भागात तोच गुठळ्यांना बसायला जागा देणार. सुईतून गेलेल्या औषधाला कुठल्या थरात थांबायचं ते सांगता येत नाही.